कोल्हापुरात मटण एकदाच, बाकी सगळं एकत्र

पत्र: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण ठाण्याहून गाडीने तीन दिवसांसाठी कोल्हापूरला येतोय. सासूबाई शाकाहारी आहेत, जिथे मटण शिजतं तिथे बसायलाही नको म्हणतात. कांदा-लसूण मात्र चालतो. सासऱ्यांना पित्ताचा त्रास, तिखट अजिबात सोसत नाही. नवरा आणि मोठा मुलगा मटणासाठीच निघालेत. धाकटी नऊ वर्षांची आहे. मोठी हॉटेलं नकोत, गावातले लोक जातात अशी साधी ठिकाणं सांगा. दर जेवणाला दोन पार्ट्या पडतील आणि मी मध्ये धावत राहीन, या विचारानेच आत्तापासून नको झालंय. मला स्वतःला काहीही चालेल.
— एक सून, ठाणे

उत्तर:

ताई,

तुमची सगळी आखणी कोल्हापूर म्हणजे मटण हे धरून चाललीय. बाहेरून येणारे बहुतेक तसंच धरतात. पण आमच्या गावात गाड्यावर, टपरीत, कट्ट्यावर दिवसभर जे खाल्लं जातं, त्यातलं बरंचसं शाकाहारीच आहे. सकाळची मिसळ, संध्याकाळची भेळ, म्हशीचं दूध, लोणी डोसा, पन्हाळ्यावरचं झुणका-भाकर, नरसोबाच्या वाडीची बासुंदी. तीन दिवसांत दोन पार्ट्या पाडायची वेळ खरं तर एकदाच येते, ती मटणाच्या दुपारी. तेवढी एक दुपार नीट आखा, बाकी सगळं सहा जणांनी मिळून खाता येतं.

मिसळीपासून सुरुवात करू, कारण इथेच सासऱ्यांची काळजी आहे. शिवाजी उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ, खासबागेजवळची खासबाग मिसळ, ही नावं तुम्ही ऐकली असतील, आणि ती उगाच मोठी झालेली नाहीत. यातलं एकच निवडा. एका सुट्टीत तीन मिसळी खाऊन तिन्हींची तुलना करायचा हट्ट पोटाला परवडत नाही, सासऱ्यांच्या तर नाहीच. मी फडतरेंकडे पाठवेन. उद्यमनगर ही लेथ आणि वर्कशॉपची वस्ती, तिथे कामावर जाणारा माणूस आणि गाडी घेऊन आलेला पाहुणा एकाच बाकावर बसतो, ते बघण्यासारखं आहे. मिसळ हा आमच्याकडे सकाळचा प्रकार. नऊच्या आत पोचलात तर बाकावर जागा मिळेल. दहानंतर, त्यातून रविवार असला, तर रांगेत उभं राहावं लागेल आणि धाकटी कंटाळेल.

ताटलीत काय येतं ते सांगते, म्हणजे तिथे गेल्यावर गोंधळ व्हायला नको. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी खाली मटकीची उसळ, कुठे जोडीला बटाट्याची भाजी, वर चिवडा-फरसाण, शेव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. सोबत मुंबईसारखा पाव नाही, ब्रेडच्या जाड स्लाइस. आणि वेगळ्या भांड्यात कट, म्हणजे मिसळीवर ओतायचा पातळ रस्सा. तिखट आहे ते या कटात. सासऱ्यांसाठी मिसळ मागताना सरळ सांगा, 'याच्यावर कट घालू नका'. कट न घेता उसळ, फरसाण, कांदा आणि ब्रेड असं त्यांना छान खाता येईल, आणि सगळ्यांबरोबर बसून खाल्ल्याचं समाधानही मिळेल. पित्ताच्या माणसाने वरून लगेच कडक चहा मात्र घेऊ नये. तुम्ही स्वतः कट घ्या, पण सगळा एकदम ओतू नका. आधी अर्धा घालून कालवा, ब्रेड बुडवून खा, मग चव बघून उरलेला घाला. लालभडक तवंग बघून घाबरू नका. तो दिसतो तेवढा जाळत नाही, कारण कटात मिरचीबरोबर भाजलेलं खोबरं आणि कांदा-लसूणही असतो. उन्हाळ्यात आमच्या घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या, धणे, तीळ, खोबरं, कांदा, लसूण, सगळं भाजून-तळून डंकावर, म्हणजे मसाला कांडायच्या यंत्रावर, कुटून आणायचं. मिसळीपासून मटणापर्यंत सगळ्याला जी चव आहे ती या चटणीची. नुसत्या मिरचीने जीभ पोळवायची आणि त्याला कोल्हापुरी म्हणायचं, हे बाहेरच्या हॉटेलांनी सुरू केलं. तेच 'व्हेज कोल्हापुरी' नावाच्या भाजीचं. सासूबाईंसाठी म्हणून ती मागवू नका, इथल्या कुठल्याही घरात ती शिजत नाही.

आता मटणाची दुपार. आमच्याकडे मटणाचे वार म्हणजे रविवार आणि बुधवार. तुम्ही रविवार टाळा, त्या दिवशी गावातलेच लोक बाहेर पडलेले असतात. साधं आणि जुनं हवं असेल तर लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस. जरा ऐसपैस बसायचं असेल, गाडी लावायला जागा हवी असेल, तर ताराराणी चौकाकडे पुणे-बंगळूर रस्त्यावरचं ओपल. थाळी मागवायची. सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, दही-कांदा, भाकरी किंवा चपाती, शेवटी भात. बाकीचे पदार्थ मागवून पोट भरू नका.

मुलाला एक सांगून ठेवा, तो पहिल्यांदाच खाणार असेल तर. थाळी आली की पोरं सुक्यावर तुटून पडतात आणि रस्सा भाताला ठेवतात. आमच्याकडे रस्सा आधी प्यायचा असतो, वाटी तोंडाला लावून, गरम आहे तोवर. पांढरा म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, त्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस, काजू यांचं वाटण आणि अख्खा गरम मसाला. तांबडाही त्याच पाण्यावर, पण त्यात चटणी आणि भाजलेलं खोबरं. दोन्ही एकाच मटणाचे, पण एकाला दुसऱ्याची चव नाही. एक घोट पांढरा, एक घोट तांबडा असं आलटून-पालटून घेतलं की कळतं. रस्सा संपला की पुन्हा मागायला संकोच करू नका, इथे रस्सा मागून मागून पितात. मटण हा आमच्या गावात किती जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणाल, तर २०१९ च्या अखेरीला मटणाचे दर वाढले तेव्हा लोकांनी कृती समित्या काढून आंदोलन केलं होतं. बाहेर त्याच्या बातम्या झाल्या, लोकांना गंमत वाटली. पण आठवड्यातून एकदा घरात मटण शिजावं एवढीच ज्यांची चैन, त्यांना ते परवडेनासं होणं ही साधी गोष्ट नव्हती, आणि ते आंदोलन मला आजही रास्त वाटतं.

सासरे मटण खातात की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. खात असतील तर त्यांना पांढरा आणि भात द्या, सुकं मटण एखाद-दोन फोडी. पांढरा तिखट नसतो, पण जड असतो, त्यामुळे एक-दोन वाट्यांवर थांबलेलं बरं. काही ठिकाणी मागितलं तर अळणी पाणीही देतात, म्हणजे वाटण-मसाला घालायच्या आधीचं मटणाचं पाणी. आमच्याकडे आजारी माणसाला, बाळंतिणीला तेच देतात. विचारून बघा.

त्याच वेळी सासूबाईंनी काय करायचं? त्या दिवशी सकाळचं अंबाबाईचं दर्शन थोडं उशिरा ठेवा. महाद्वार रोड, ताराबाई रोड या बाजूला शाकाहारी जेवणाची साधी ठिकाणं आहेत, भाविकांसाठी अन्नछत्रही आहे. सासूबाई आणि त्यांच्याबरोबर एक जण तिथे जेवतील, बाकीचे लक्ष्मीपुरीत. अंतर रिक्षाने काही मिनिटांचं. सासूबाईंना कुणी वगळलं असं वाटणार नाही, कारण देवीच्या दारात जेवणं त्यांना तुमच्या मटणापेक्षा नक्की मोठं वाटेल. फक्त त्यांच्याबरोबर तुम्ही जाऊ नका.

हे मुद्दाम लिहितेय. तुमच्या पत्रात पाच माणसांच्या आवडीनिवडी, पथ्यं, हट्ट सगळं आहे आणि तुमच्यापुढे 'काहीही चालेल'. तुम्ही मटण खात असाल तर त्या दुपारी थाळीवर बसायचा पहिला हक्क तुमचा. सासूबाईंबरोबर तुमचे यजमान जातील. आईबरोबर देवळात जाऊन जेवायला त्यांना कुठलीच अडचण नाही, त्यांची थाळी दुसऱ्या दिवशी रात्री होईल. हे ठाण्यातच ठरवून निघा. कोल्हापुरात पोचल्यावर, भूक लागलेली असताना, भर रस्त्यात हे ठरत नाही, आणि शेवटी तुम्हीच 'बरं, मी जाते' म्हणाल.

संध्याकाळी खासबाग. खासबाग मैदान हे शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ पासूनचं, आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते नाट्यगृह आगीत जळालं. त्या रात्री अर्धं गाव रस्त्यावर उभं होतं, आणि आजही त्या बाजूने जाताना जीव तुटतो. तिथल्या खाऊगल्लीत राजाभाऊंची भेळ आहे. चुरमुरे, फरसाण, कांदा, टोमॅटो, चिंचेचं पाणी, कोथिंबीर. भेळवाल्याचा हात कसा चालतो तेवढं बघा. मोठ्या पातेल्यात सगळं टाकतो, कालथ्याने चार-पाच फटक्यांत वर-खाली करतो आणि चुरमुरा मऊ पडायच्या आत तुमच्या हातात देतो. तिथेच उभं राहून लगेच खायची. बांधून खोलीवर नेलीत तर त्या भेळेत काही राम उरत नाही. सासऱ्यांच्या भेळेत 'तिखट नको' सांगा, सगळे सांगतात, कुणी नावं ठेवत नाही. धाकटीला भेळ नको असेल तर दावणगिरी लोणी डोसा. हा मूळचा आमचा नाही, कर्नाटकातून आला, पण आता गावात जागोजागी त्याच्या गाड्या आहेत. छोटा, जाड, बाहेरून खुसखुशीत आणि आतून जाळीदार डोसा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, सोबत बटाट्याची भाजी आणि खोबऱ्याची चटणी. नऊ वर्षांची पोर दुसरा मागितल्याशिवाय राहणार नाही.

गोड म्हणून सोळंकींकडचं कॉकटेल आइस्क्रीम. नाव ऐकून सासूबाई दचकल्या तर सांगा, त्यात फळं आणि आइस्क्रीम असतं, दारू नाही.

आणि दूध कट्टा. गंगावेशीत संध्याकाळी म्हशी आणून बांधतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लास भरून देतात. जवळच गंगावेश तालीम, पैलवानांचं गाव, त्यामुळे ही रीत पडली. मुलांना हे नक्की दाखवा. ठाण्यात दूध पिशवीतून येतं, इथे फेसाने भरलेला ग्लास हातात येतो आणि तो कोमट असतो. पण पिण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हे कच्चं दूध आहे. रोज पिणाऱ्या इथल्या माणसाची गोष्ट वेगळी, प्रवासातल्या लहान मुलीला आणि वयस्कर माणसाला ते देऊ नका. त्यांच्यासाठी रात्री कढईत आटवलेलं गरम दूध गाड्यांवर मिळतं, तेही म्हशीचंच, आणि वर साय घालून देतात.

दुसरा दिवस पन्हाळ्याचा. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात पन्हाळाही आहे, त्यामुळे गर्दी वाढलीय. सकाळी लवकर निघा. गडावर बायका चुलीवर भाकरी थापून देतात, झुणका, खरडा (मिरचीचा ठेचा), कांदा आणि मातीच्या वाडग्यात लावलेलं घट्ट दही. इथे नाव सांगत नाही, कारण ही ठिकाणं पाटीने ओळखायची नसतात. जिथे भाकरी आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवलेली दिसेल तिथून पुढे जा. जिथे परातीत पीठ मळणं चालू आहे आणि तव्यावरची भाकरी उतरवून निखाऱ्यावर फुगवायला ठेवताहेत, तिथे बसा. सासऱ्यांचं जेवण इथे सगळ्यात छान होईल. झुणका कमी तिखट करून देतात, खरडा वेगळाच असतो आणि पोटाला दही आहेच. सासूबाईंनाही शंका यायचं कारण नाही, पण बसण्याआधी 'इथे कोंबडी करता का' एवढं विचारून घ्या. काही जणी ऑर्डरप्रमाणे तीही करून देतात.

परतताना गुऱ्हाळ गाठा. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झालेला असतो आणि करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांत रस्त्याकडेला धूर दिसला की समजायचं. गुऱ्हाळघरं आता खूप कमी झालीत, कामगार मिळत नाहीत आणि ऊस साखर कारखान्याला जातो. म्हणून दिसलंच तर थांबा. परवानगी विचारा, सहसा कुणी नाही म्हणत नाही. आत मोठ्या काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलाणात वाळलेली चिपाडं सारतात. रसावर मळी येते ती रानभेंडीच्या चिकट पाण्याने वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. मग रस दाटतो, बुडबुडे मोठे होतात आणि गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, थोडासा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी होते का बघतो. त्याने हात वर केला की चार जण मिळून काहील उतरवतात आणि गूळ वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओततात. वाफ्याच्या कडेचा गरम गूळ शेंगदाण्यांबरोबर हातावर देतात. मुलांना काहिलीपासून लांब ठेवा, तो पाक भाजला तर फार वाईट भाजतो. ताजा रस प्या, काकवी बाटलीत भरून मिळाली तर घ्या, सकाळी भाकरीबरोबर खायला.

त्या रात्री यजमानांची थाळी. तुम्ही बाकीच्यांना घेऊन रंकाळा तलावावर फिरायला जा, काहीतरी हलकं खा. दिवसभराच्या भाकरीनंतर कुणाला भूकही नसेल.

तिसऱ्या दिवशी सरळ महामार्गाला लागू नका. नरसोबाच्या वाडीला जा, पन्नासेक किलोमीटर आहे. कृष्णा आणि पंचगंगेचा संगम, घाटावर दत्ताच्या पादुका, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पेढे, बासुंदी, खवा आणि कवठाची बर्फी. कवठाची बर्फी आंबट-गोड असते आणि दुसरीकडे सहसा मिळत नाही, ती नक्की घ्या. बासुंदी मात्र तिथेच बसून खा, ठाण्यापर्यंतच्या प्रवासात टिकणार नाही. वाडीहून सांगली, इस्लामपूर (आता ईश्वरपूर) करत पेठ नाक्याला पुणे-बंगळूर महामार्ग लागतो. या पट्ट्यात अख्खा मसूर खायचा. इस्लामपूर-कराड भागातल्या ढाब्यांवर मसुराची ही दाटसर उसळ रोटीबरोबर मिळते, कांदा चिरून, वरून लिंबू पिळून. मटण खाणारी माणसंही खास यासाठी गाडी थांबवतात. सासूबाईंसाठी शाकाहारी पाटीचा ढाबा बघा, भरपूर आहेत. सासऱ्यांचा मसूर कमी तिखट सांगा आणि सोबत ताक.

आणखी दोन गोष्टी. लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीजेला छोटी ठिकाणं बंद असू शकतात, त्यामुळे निघायच्या आधी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारून घ्या आणि मटणाची दुपार त्या दिवसांत ठेवू नका. दुसरी, गूळ घरी नेणारच असाल, आणि न्यावाच, तर पिवळाधमक ढेप बघून भुलू नका. तो रंग बऱ्याचदा रसायन घालून आणलेला असतो. तांबूस, गडद, थोडा मऊ गूळ घ्या आणि एक-दोन किलोच्याच ढेपा घ्या. ठाण्याच्या दमट हवेत मोठी ढेप लवकर पाझरते. घरी गेल्या गेल्या फोडून, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरून ठेवा.